शाल, श्रीफळ आणि चुकांची दुरुस्ती

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाने मागच्या खेपेला सत्कार केले तेव्हा दोन मानपत्रांची अदलाबदल झाली होती. एका निर्यातदाराला शाळामास्तरांचं मानपत्र गेलं आणि मास्तरांना निर्यातदाराचं. दोघांनी स्टेजवर ती हसतमुखाने घेतली, फोटो काढून घेतले, घरी नेली. मास्तरांनी तर दिवाणखान्यात खिळा ठोकून लावलं. आठवड्याने त्यांची नात म्हणाली, "आबा, हे नाव तुमचं नाहीये." नाव सोडलं तर मजकूर दोघांनाही चपखल बसत होता: व्यासंगी, निगर्वी, समाजऋणाची जाण असलेलं, दीपस्तंभासारखं व्यक्तिमत्त्व.

हा किस्सा आमच्या खजिनदाराने मला फोनवर सांगितला आणि त्याच दमात म्हणाला, "म्हणून यंदा मानपत्रं तू लिहायचीस. बँकेतून रिटायर झालीस, आता तुला वेळच वेळ."

मी १९८८ची बी.कॉम. खजिनदार माझ्याच वर्गातला, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पुण्यातल्या टिळक रस्त्यापासून फर्ग्युसन रस्त्यापर्यंत जे मनात येईल ते धरून चाला.

संघाला अचानक जाग आली त्याचं कारण नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. नॅकच्या मूल्यांकनात पाचव्या निकषाखाली माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा एक वेगळा भाग असतो. संघ नोंदलेला आहे का, कॉलेजला काही हातभार लावतो का, हे तिथे दाखवावं लागतं. तेव्हा प्राचार्यांना कार्यक्रम हवा होता, फोटो हवे होते आणि हजेरीच्या सह्या हव्या होत्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्नाचं निमित्त झाल्याशिवाय आपण घराला रंग तरी कुठे काढतो?

पहिले दोन महिने मात्र सत्कार बाजूलाच राहिले. संघाची नोंदणी होती, पण धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी जे विश्वस्त लागलेले होते त्यांतले दोघे वारले होते आणि एक मुलाकडे न्यू जर्सीला. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा असतो. आमचा कित्येक वर्षं दिलेला नव्हता. ढोले पाटील रस्त्यावरच्या त्या कार्यालयात किती हेलपाटे झाले ते खजिनदारालाच माहीत, मला त्याने फक्त पार्किंगच्या पावत्या दाखवल्या. बँकेचं काम माझ्याकडे आलं. दोन वर्षं खातेदाराने काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि मग पुन्हा केवायसीची कागदपत्रं द्यावी लागतात, हे मी तीस वर्षं काउंटरच्या आतून लोकांना समजावलं होतं. आता बाहेर उभी राहून एका पंचविशीतल्या मुलीकडून ऐकलं. तिने माझ्यापेक्षा गोड शब्दांत सांगितलं, हे कबूल करते.

मग निवड समिती. सात जण, शनिवारी संध्याकाळी, जिमखान्याच्या मागच्या खोलीत, कॅरमच्या बोर्डावर कागद पसरून. दोन गट ठरले: 'व्यावसायिक कामगिरी' आणि 'सामाजिक योगदान'. गुगल फॉर्म तयार झाला, बॅचच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरला आणि तीन आठवड्यांत एकसष्ट अर्ज आले. त्यांतले चाळीस ज्याचे त्यानेच भरलेले. स्वतःचा अर्ज स्वतः भरण्यात गैर काही नाही, आपल्याबद्दल दुसरं कोण भरणार? पण या चाळीस जणांना फॉर्म भरायचा चांगलाच सराव होता. 'समाजासाठी केलेले कार्य, २०० शब्दांत' या रकान्यात नेमके एकशे नव्व्याण्णव शब्द. एका परदेशस्थ माजी विद्यार्थ्याचा अर्ज त्याच्या सहायिकेने पाठवला, सोबत अकरा पानी परिचय. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "सर व्यासपीठावर कितव्या खुर्चीत बसतील?" अजून निवडच झालेली नव्हती.

एका सभासदाने हळूच सुचवलं की सभागृहाच्या एसीचा खर्च उचलायला एक बांधकाम व्यावसायिक तयार आहे, तोही आपलाच विद्यार्थी, तर त्याचं नाव... खोलीत कुणी बोललं नाही. पंखा तेवढा करकरत होता. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "एसी घेऊ. आभारात नाव घेऊ. मानपत्र नको." अध्यक्ष पंच्याहत्तरीचे आहेत आणि फार कमी बोलतात. त्या दिवशी मला ते फार आवडले.

खरा वाद झाला तो गटांवरून. एकीने विचारलं, माणूस नोकरी करता करता समाजकार्य करत असेल तर त्याला कुठे टाकायचा? कुणीतरी म्हणालं, जे जास्त असेल तिथे. तेव्हा आमच्यातले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "महर्षी कर्व्यांचा फॉर्म आला असता तर?" कर्वे १८९१पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. मग हिंगण्याची झोपडी, तिथून कॉलेजपर्यंतची पायपीट, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. पगाराच्या दिवशी व्यावसायिक आणि एरवी सामाजिक, असं काही करता आलं असतं का? "आणि भारतरत्न मिळालं १९५८ साली, वयाची शंभरी गाठल्यावर," प्राध्यापक म्हणाले, "तेव्हा आपण घाई केली नाही तरी चालेल." सगळे हसले आणि गट रद्द झाले. पाच सत्कार करायचे, गट नाहीत, एवढं ठरायला चार शनिवार लागले.

यादीतल्या पाचपैकी तिघांनी फॉर्म भरलेलाच नव्हता. त्यांची नावं इतरांनी सुचवली होती, तीही अर्धवट. 'त्या मार्केट यार्डातल्या ताई', 'टेकडीवाला' अशी. त्यांच्याकडे जाऊन माहिती आणायची आणि त्यावरून मानपत्र लिहायचं, हे माझं काम. मागची मानपत्रं समोर ठेवून मी स्वतःला एकच अट घातली होती: विशेषण नको. त्या माणसाने हाताने केलेली एक तरी गोष्ट मजकुरात हवी, म्हणजे कागदांची अदलाबदल झाली तरी दुसऱ्याला तो अंगावर घालता येणार नाही.

टेकडीवाल्यांकडे आधी गेले. आमच्याहून सहा वर्षं पुढचे, विमा कंपनीतून निवृत्त. वेताळ टेकडीवर रोज पहाटे पाच लिटरचे दोन कॅन चढवायचे आणि ठरलेल्या झाडांना पाणी घालायचं, हे त्यांचं सतरा वर्षं चाललंय. मी वर पोचेपर्यंत माझा श्वास फुलला होता आणि ते दुसऱ्या फेरीला निघाले होते. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी कॅनचं झाकण घट्ट केलं आणि म्हणाले, "नको."

मला वाटलं विनय असेल. तर तसं नव्हतं. "आम्ही वीस-बावीस जण आहोत. कुणी माझ्याआधी येतो, कुणी माझ्यापेक्षा जास्त कॅन आणतो. त्यातल्या एकाला शाल घातलीत की बाकीच्यांच्या मनात काय येईल? कुणी बोलणार नाही. पण जूनपर्यंत पाचजण कमी झालेले असतील. उन्हाळ्यात मला पाचजण कमी होऊन चालत नाहीत." मग म्हणाले, "द्यायचंच असेल तर कॅन द्या. पाच लिटरचे, जाड प्लास्टिकचे. पातळ फुटतात."

हे मी समितीत सांगितलं तर वेगळाच भडका उडाला. आमच्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई म्हणाल्या, टेकडीवर झाडं लावणंच मुळात चूक, ते गवताळ रान आहे, वन खात्याने आधीच गिरिपुष्प लावून ठेवलंय, खाली गवत उगवत नाही, पक्षी गेले. त्यावर दुसरे म्हणाले, मग काय उघडी टेकडी रस्त्याला देऊन टाकायची? अर्धा तास हे चाललं. ज्याचा सत्कार करायचा तो नको म्हणतोय आणि आम्ही त्याच्या झाडांवर भांडतोय. पुण्यात दुसरं काय होणार! शेवटी सत्कार चारच ठरले. कॅनसाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती, तेव्हा खजिनदाराने बोहरी आळीतून स्वतःच्या पैशाने वीस कॅन आणले आणि टेकडीच्या पायथ्याशी ठेवून आला. कोणाला सांगू नको म्हणाला होता. सांगतेय.

सीए सरांकडे माझा पूर्ण रविवार गेला, तोही आनंदात. सदाशिव पेठेत जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. एरवी कंपन्यांची कामं. रविवारी सकाळी दाराबाहेर चपलांचा खच पडलेला: गणेश मंडळांचे कार्यकर्ते, एका बचत गटाच्या चार बायका, अंध मुलांसाठी वाचनालय चालवणारे एक आजोबा. या सगळ्यांचे हिशेब सर फुकट लावून देतात, पंचवीस वर्षं. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ सीखालची परवानगी लागते, नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी लेखापरीक्षण लागतं. लहान संस्था बंद पडते ती बहुतेकदा काम संपलं म्हणून नाही, दोन-तीन वर्षांचे हिशेब तुंबतात आणि मग कुणाची फाइल उघडायची छाती होत नाही म्हणून. हे सरांचं म्हणणं, आणि बँकेत बसून मीही हेच पाहिलं आहे.

पण 'फुकट लावून देतात' हे माझं वाक्य चूक होतं, ते तिथे बसल्यावर कळलं. सर स्वतः एक ओळ लिहीत नाहीत. एका मंडळाचा खजिनदार आला होता, वय वीस-एकवीस, दाढी कोरलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत बिलं. सरांनी पिशवी टेबलावर उलटी केली. "तारखेप्रमाणे लाव." त्याने लावली. "हे काय?" एका वहीच्या फाटक्या पानावर 'डॉल्बी – ८५०००' एवढंच.

"बिल आहे सर."

"कुणाचं? नाव कुठाय? सही? पत्ता?"

"त्याने एवढंच दिलं."

"मग परत जा आणि पुरं घेऊन ये. वर्गणी देणाऱ्या माणसाने विचारलं तर हे पान दाखवशील का त्याला?"

पोरगं लाल झालं, पण गेलं, आणि तासाभराने खरंच बिलबुकातलं बिल घेऊन आलं. मग सरांनी त्याला कीर्दीत नोंद करायला बसवलं. जमा कुठे, नावे कुठे. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आलं. मी विचारलं, "सर, तुम्ही केलंत तर दहा मिनिटांत होईल." ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा मलाच करावं लागेल." आतल्या खोलीत तीन आर्टिकल्स, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी मुलं, काम करत होते. तिघंही असेच पिशवी घेऊन आलेले, मंडळाचे माजी खजिनदार. मानपत्रात मी ते डॉल्बीचं बिल घातलं. अध्यक्ष म्हणाले, मानपत्रात डॉल्बी? मी म्हटलं, असू द्या.

तिसऱ्या बाई शाळेतल्या, चौथे सहकारी बँकेत शाखाधिकारी. त्यांच्याबद्दल इथे फार लिहीत नाही. दोघांनी मला सगळं टाइप करून दिलं होतं आणि ते खरंही होतं.

राहिल्या मार्केट यार्डातल्या ताई. १९९६ची बॅच, भाजीपाला विभागात आडतीचा, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देण्याचा, गाळा. त्यांचं नाव सुचवणाऱ्याने फॉर्ममध्ये 'पद' या रकान्यात 'गाळा' आणि 'कंपनी' या रकान्यात 'स्वतःची' असं लिहिलं होतं. मी गेले तीच रविवारी, आणि तिथेच फसले. शनिवारी यार्डात भाजीचा बाजार बंद असतो, त्यामुळे रविवारी आवक सगळ्यात जास्त. ऑगस्ट महिना, पहाटेचे साडेचार, बारीक पाऊस. गुलटेकडीच्या फाटकातून आत शिरले आणि टेम्पो, हातगाड्या, पाठीवर पोती घेतलेले हमाल यांच्यात अशी सापडले की गाळा समोर दिसत असून पोचायला वीस मिनिटं लागली. ताई पोत्यांच्या थप्पीशेजारी उंच स्टुलावर बसलेल्या, मांडीवर पॅड, कानामागे पेन. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मॅडम, बाजूला. हमाल येतोय."

मी बाजूला उभी राहून दोन तास बघितलं. पुरंदरचा मटार आला होता, पोती पावसाने जड झालेली. माल उतरला, तोलला गेला, गिऱ्हाइकांनी मूठभर शेंगा फोडून दाणे चावून पाहिले, भाव फुटला. ताईंनी पट्टी लिहिली. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब: वजन, भाव, एकूण, त्यातून वजा काय काय, हातात किती. ४१० किलो, दहा किलोला ४५० रुपये, एकूण १८,४५०. खाली गाडीभाडं, हमाली, तोलाई. पट्टी लिहून झाली की दुसऱ्या गाळ्यांवर नुसता कागद सरकवून देतात आणि पुढचा माणूस घेतात. ताईंनी समोरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ती सगळी वाचून दाखवली. एकेक ओळीवर बोट आणि प्रत्येक ओळीनंतर, "बरोबर?" म्हातारबाबांनी मान हलवली तर त्या थांबल्या. "तोंडाने सांगा बाबा." "बरोबर," बाबा म्हणाले. मग पुढची ओळ. मागे चार जण खोळंबलेले, फोन वाजतोय, पाऊस तिरपा आत येतोय. सगळ्या ओळी 'बरोबर' झाल्यावरच पट्टी आणि पैसे त्यांच्या हातात.

सात वाजता गर्दी जरा ओसरली. चहा आला. मी विचारलं, शेतकऱ्याची आडत पट्टीत दिसली नाही. "ती आता खरेदीदाराकडून घ्यायची, २०१६ साली नियम बदलला ना. त्याआधी वजावटीत तोच रकाना सगळ्यात मोठा असायचा," त्या म्हणाल्या, आणि एका टेम्पोवाल्याला हात करून त्याला पाठीमागे घ्यायला सांगितलं. मी विचारलं, "त्याच दिवशी पट्टी, त्याच दिवशी पैसे, आणि हे वाचून दाखवणं, कधीपासून?"

"पहिल्यापासूनच," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मी डायरीत लिहून घेतलं: पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे कुणाच्या, हे विचारायचं सुचलं नाही.

मजकूर तयार झाल्यावर छपाई. अप्पा बळवंत चौकाच्या मागे एका बोळात डीटीपी करणारे आहेत, त्यांच्याकडे दिलं. माझा मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये, त्यांच्याकडे जुना फॉन्ट. रूपांतर करताना 'दुसऱ्या', 'करणाऱ्या', 'खोळंबलेल्या' हे सगळे शब्द मोडले. रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसले. पहिल्या प्रुफात सीए सर 'लेखापरीक्षण कणाऱ्या' झाले होते. तीन प्रुफं काढली. तिसऱ्या प्रुफाला मी, माझा नवरा आणि शेजारच्या काकू अशा तिघांनी शब्दन्‌शब्द वाचला. जोडाक्षरं सगळी बरोबर आली. मजकूर बरोबर आहे का, हे तपासायला मात्र शेजारच्या काकूंना तरी काय कळणार.

त्या आठवड्यात आणखी एक प्रकरण झालं, पगडीचं. सत्कारमूर्तींना पुणेरी पगडी घालायची असा कुणाचा तरी हट्ट. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, आपली ओळख आहे वगैरे. त्यावर दुसरा म्हणाला, मग फुले पगडी का नाही? २०१८ साली शरद पवारांनी पुण्यातच जाहीर सभेत तो विषय काढल्यापासून या शहरात पगडी नुसती पगडी राहिलेली नाही. आमचं व्हॉट्सॲप रात्री बारापर्यंत पेटलेलं. सकाळी खजिनदाराने मेसेज टाकला: पगड्या डोक्याच्या मापाच्या घ्याव्या लागतात, चौघांच्या डोक्यांची मापं कोण घेऊन येतं? कुणीच उत्तर दिलं नाही. शाल-श्रीफळावर भागलं. नारळ मंडईतून आणले, प्रत्येक हलवून पाणी बघून. शाली लक्ष्मी रस्त्यावरून.

कार्यक्रम डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी. तेवढी अक्कल आता मला आली होती. सभागृहात एसी लागलेला, आभारात त्या बांधकाम व्यावसायिकाचं नाव येऊन गेलेलं. हजेरीच्या वहीवर एकशे चाळीस सह्या. समई वाऱ्याने दोनदा विझली. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले आणि त्यात एकाही सत्कारमूर्तीचं नाव आलं नाही.

मानपत्रं दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने वाचली. फार छान वाचली, कुठेही अडखळली नाही. सीए सरांच्या मानपत्रात डॉल्बी आली तेव्हा मागून शिट्टी वाजली; पाहिलं तर तोच दाढीवाला पोरगा, चार मित्रांना घेऊन आलेला. मी मनातल्या मनात खूश. मग ताईंचं वाचन. पाऊस, मटार, ४१० किलो, 'बरोबर?' हे सगळं. आणि शेवटी माझी वाक्यं: "दिवस मावळायच्या आत शेतकऱ्याच्या हातात पट्टी आणि पैसे देण्याची, आणि ती पट्टी त्याला वाचून दाखवण्याची पद्धत आपण आपल्या गाळ्यावर सुरू केलीत."

टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ, फोटो. दोन मिनिटं मनोगत, असं सूत्रसंचालकांनी सांगितलं. ताई माइकपाशी आल्या, शाल नीट सारखी केली आणि म्हणाल्या, "वाचलं ते चांगलंय. पण एक चुकलंय."

सभागृह एकदम शांत.

"ही पद्धत मी सुरू नाही केली. आमच्या सासूबाईंची आहे. मामंजी गेल्यावर गाळा त्यांनी चालवला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, आजही अंगठा करतात. पट्टी दिवाणजी लिहायचा. त्याने काय लिहिलंय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्या त्याला सांगायच्या, शेतकऱ्याला मोठ्यांदा वाचून दाखव. तो वाचायचा, शेतकरी ऐकायचा, आणि त्याच्यामागे उभ्या राहून ह्या ऐकायच्या. आकडे सगळे पाठ. एक रुपया इकडचा तिकडे झाला की लगेच, 'थांब. परत वाच.' मी लग्न होऊन आले ती बी.कॉम. झालेली. दिवाणजी म्हातारा झाला होता, त्याचं काम माझ्याकडे आलं. एवढंच मी केलंय." मग जरा थांबून, "हे दुरुस्त करून द्याल का? त्यांना हे वाचून दाखवायचंय मला. असं वाचलं तर त्या म्हणतील, परत वाच."

लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. खजिनदाराने माझ्याकडे वळून नुसत्या भुवया उडवल्या. चाळीस वर्षांपूर्वी हिशेबाच्या तासाला माझा तेरीज-पत्रकाचा ताळा जुळला नाही की हा असंच करायचा.

चहाच्या वेळी मी ताईंना गाठलं, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमची कशी? मीच घाईत होते." आणि बटाटेवड्याची प्लेट माझ्या हातात देऊन अंध वाचनालयवाल्या आजोबांशी बोलायला गेल्या.

नवीन मानपत्र लिहायला एक रात्र पुरली. या वेळी मी ते आधी फोनवर त्यांना वाचून दाखवलं. छापून, नवी फ्रेम करून झाली तेव्हा खजिनदाराने बिल हातात घेऊन विचारलं, "हे कुठल्या खाती टाकू? सत्काराचा खर्च तर मंजूर रकमेपर्यंत आलाय." मी म्हटलं, अकरावीला एक धडा होता, चुकांची दुरुस्ती. तो म्हणाला, "त्यात फ्रेम नव्हती," आणि किरकोळ खर्चात टाकलं.

जानेवारीत एका मंगळवारी सकाळी फ्रेम घेऊन यार्डात गेले. थंडी होती, मध्य प्रदेशचा मटार आला होता आणि भाव पडलेले होते. ताई त्याच स्टुलावर. "ठेवा तिथे," म्हणाल्या. मी फ्रेम फ्लॉवरच्या पोत्यावर टेकवली आणि वाट बघत उभी राहिले. हातातल्या दोन पट्ट्या झाल्यावर त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली, ओल्या हाताने काच पुसली आणि बोट फिरवत वाचायला लागल्या, ओळीओळीने, ओठांतल्या ओठांत. सासूबाईंच्या नावापाशी बोट क्षणभर थांबलं. पुढे सरकलं. शेवटच्या ओळीपाशी आल्या.

"गाळा नंबर चुकलाय," त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. तीन प्रुफं, फोनवरचं वाचन, एवढं होऊन दोन आकडे उलटे पडले होते. फोनवर मी नंबर वाचलाच नव्हता. परत छापून आणते म्हणाले तर त्यांनी ऐकलं नाही. फ्रेम पालथी केली, मागचे खिळे पेनाच्या टोकाने वर केले, पुठ्ठा काढला, कागद बाहेर ओढला. कानामागचं पेन घेऊन चुकलेल्या आकड्यांवर एक सरळ रेघ मारली, वर बरोबर नंबर लिहिला आणि शेजारी सही केली. खाडाखोड केली की शेजारी सही करायची, बँकेत आम्हीही तेच करत होतो.

"तुम्ही पण करा," म्हणून त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. कागदाखाली पॅड सरकवून मी सही केली, आणि सवयीने तारीखही घातली.